मला हलवणारा दर

२३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत राज्य सरकारने दुधाच्या पिशवीला सूट दिली, पण अटीवर. पिशवी किमान ५० मायक्रॉन जाडीची हवी आणि परत केल्यास किमान ५० पैसे मिळतील असं तिच्यावर छापलेलं हवं. आमचा अहिल्यानगर जिल्हा दुधाचा, पण आमच्या गल्लीत ही पद्धत कधी रुजली नाही.

दोष दुसऱ्या कुणाचा म्हणून मी मोकळा होऊ शकतो. पण खरंच परत घेतली असती, तर आंबूस वासाची पिशवी धुऊन मी ५० पैशांसाठी दुकानात नेली असती का? नसती. ते चलनातलं सगळ्यात लहान नाणं, बाजारात कुणी हातात घेत नाही.

आई मात्र पिशव्या धुऊन मोरीच्या कठड्यावर उलट्या वाळत घालायची आणि किलोवर भंगारवाल्याला द्यायची. कोपरा असा कापायची की तुकडा पिशवीलाच लोंबता राहायचा, मोरीत जायचा नाही. तिला कुठल्याच अधिसूचनेची गरज पडली नाही. तिला रुपयाचं मोल होतं, मला वेळेचं. एकच दर आम्हा दोघांना कसा हलवणार?

आयर्लंडने २००२ मध्ये कॅरीबॅगवर १५ सेंट कर लावला. लोक आपणहून जेवढे द्यायला तयार होते, त्याच्या जवळपास सहापट. वापर सुमारे ९० टक्क्यांनी घटला. म्हणजे दर टोचायला हवा. दुधाच्या पिशवीमागे मला टोचेल असा दर पाच रुपये असावा. पण पाव लिटरची पिशवी घेणाऱ्या मजुराचे लिटरमागे वीस रुपये अडकतील, तेही रोजच्या रोखीतून. त्याला तो दर टोचणार नाही, दूधच कमी होईल.

पंधरा वर्षांवरच्या खासगी गाड्यांना राज्यात पर्यावरण कर आहे. तो मला नेहमी रास्त वाटला. माझी गाडी अजून तेवढी जुनी नाही, हे त्यामागचं खरं कारण. माझ्या सवयीला न शिवणारा कर मी लगेच न्याय्य ठरवतो, आणि शिवणाऱ्या कराला गरिबाची ढाल पुढे करतो. मघाशी मजूर आठवला तो कळवळ्याने की सोयीने, हे मला स्वतःला विचारावं लागतं.

प्लास्टिकचा हिशेब धरला, तर पाव लिटरच्या पिशवीवरच जास्त आकार हवा, कारण तेवढ्याच दुधाला ती जास्त प्लास्टिक खाते. तरी मी म्हणेन, लिटरच्या पिशवीवर पाच रुपये घ्या, पाव लिटरवर एक. ते पाच माझ्याच खिशातून जाणार, हे धरून म्हणतो.