धुराचा पत्ता

“रोजचं रनिंग किती आहे सर?”

शोरूममध्ये पाण्याचा ग्लास यायच्या आधी हा प्रश्न येतो. मी दोन शोरूममध्ये गेलो, एकात डिझेल गाडी बघायला आणि दुसऱ्यात हायब्रिड. प्रश्न तोच, उत्तरही तेच. वारजे ते खराडी, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. शिवाय वर्षातून सहा वेळा लातूर, म्हणजे जाऊन-येऊन साडेसहाशे. दोन्हीकडच्या पोरांनी आकडेमोड केली आणि दोघांनीही शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं की, सर, तुमच्या रनिंगला आमचीच गाडी योग्य.

मग मी घरी येऊन स्वतः हिशोब मांडला. जाहिरातीतलं ॲव्हरेज कुणाचंच धरलं नाही. शहरात हायब्रिड लिटरला २२ आणि डिझेल १३ धरलं, हायवेला दोन्ही १९. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१. वर्षाला चौदा हजार किलोमीटरला हायब्रिड साधारण वीस हजार रुपये वाचवते. पण ती ऑन-रोड दीड लाखाने महाग. म्हणजे फरक फिटायला साडेसात वर्षं, कर्जाचं व्याज धरलं तर त्याहून जास्त. तोवर माणूस गाडी बदलतो. थोडक्यात, खिसा म्हणतो की काहीही घे. हिशोब एका बाजूला स्पष्ट झुकला असता तर मी गाडी घेऊन मोकळा झालो असतो आणि पुढचं काही डोक्यात आलंच नसतं. आपले बरेचसे नैतिक निर्णय असे हिशोबाच्या आड निभावून जातात.

शहरातल्या ॲव्हरेजमध्ये एवढा फरक का, ते जाता जाता सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. आपण ब्रेक दाबतो तेव्हा गाडीचा वेग उष्णता होऊन वाया जातो. हायब्रिडमध्ये त्या वेगाची मोटरकरवी वीज करून ती बॅटरीत साठवतो आणि पुन्हा निघताना वापरतो. सिग्नलला इंजिन बंद, रांगेत पुढे सरकताना बऱ्याचदा बंदच. म्हणजे जितका ट्रॅफिक वाईट तितकी ही गाडी शहाणी. डिझेलचं नेमकं उलट. त्याला मोकळा रस्ता द्या, एका चालीने चालू द्या, मग त्याचं काम बघा.

ते काम मी लहानपणापासून बघत आलोय. आमच्या अण्णांची काळी-पिवळी होती, लातूर-अंबाजोगाई. दहा जणांच्या जागेत सोळा जण, टपावर भाजीच्या पाट्या, आणि संध्याकाळी अण्णांच्या शर्टाला येणारा डिझेलचा वास. त्या वासावर माझं इंजिनिअरिंग झालं. एक काळ असा होता की पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे तीस रुपयांचं अंतर असायचं. सरकार शेतकऱ्यासाठी, ट्रकसाठी डिझेल स्वस्त ठेवायचं, आणि त्याच पंपावर त्याच भावाने मोठ्या एसयूव्हीवालेही टाकी फुल करून जायचे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि ते अंतर पुढे कमी होत गेलं. अण्णांच्या मनातलं मात्र झालेलं नाही. फोनवर म्हणाले, “पेट्रोलची कशाला घ्यायलास? त्या बॅटरीचं काय झालं तर इथं लातुरात कोण बघणारंय? डिझेल घे. दहा वर्षं बघायचं काम नाही.”

अण्णांशी मी वाद घातला नाही. ज्या धुराने आपल्याला शिकवलं त्याला एकदम घाण म्हणायला जीभ वळत नाही.

पण माझ्याकडे धुराची दुसरीही एक आठवण आहे, आणि ती रोजची आहे. गेली तीन वर्षं मी लेकीला स्कूटरवरून शाळेत सोडतो. ती पुढे उभी राहते. सिग्नलला थांबलं की तिचं नाक बरोबर पुढच्या टेम्पोच्या सायलेन्सरच्या रेषेत येतं. मी डावा हात हँडलवरून काढतो आणि तिच्या नाकातोंडावर धरतो. त्याने काय होतं? काहीच होत नसावं. वायू बोटांमधून आत जातो. तरी मी हात धरतो, आणि आजूबाजूला बघितलं तर आणखी दोन-तीन बाप, आया तेच करत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोग होण्याच्या निश्चित कारणांच्या यादीत टाकलं. ते मी नंतर वाचलं. हात आधीपासून धरत होतो.

आता कार येईल. काच वर जाईल, एसी सुरू होईल, आतली हवा आतच फिरवायचं बटण दाबलं जाईल. लेक मागच्या सीटवर असेल. बाहेर बाजूच्या स्कूटरवर दुसऱ्या कुणाचा तरी हात दुसऱ्या कुणाच्या तरी नाकावर असेल, आणि पुढचा सायलेन्सर माझा असेल. कार घेण्याने माणसाची पायरी वर जाते असं आपण म्हणतो. खरं तर एवढंच होतं की धूर घेणारा धूर देणारा होतो.

हे जाणवल्यावर मला गाड्यांच्या तुलनेतली एक गोष्ट खटकायला लागली. सगळे आकडे किलोमीटरमागे किती, असे असतात. कुणाच्या नाकात किती, हा रकाना कुठेच नाही. कार्बन डायऑक्साइड कुठल्याही सायलेन्सरमधून सुटला तरी सगळ्या जगाचा होतो. नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळीचे बारीक कण यांना मात्र पत्ता असतो. चौकातला हवालदार, सिग्नलवर गजरे विकणारी बाई, वडापावची गाडी, बसथांबा.

युरोपने या दोन धुरांमध्ये एकदा निवड करून पाहिली आहे. एका लिटरमध्ये डिझेल गाडी जास्त अंतर जाते, म्हणून किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइड कमी, म्हणून पृथ्वीसाठी बरी, असा तो विचार होता. ब्रिटनने २००१ पासून गाडीचा वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडवर बेतला. साहजिकच डिझेल गाड्यांना फायदा झाला. २०११ च्या सुमारास पश्चिम युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त डिझेल होत्या. दूरच्या, अजून न जन्मलेल्या माणसांचा विचार करून घेतलेला निर्णय, आणि त्याची किंमत भरली जवळच्या फुटपाथवरच्या फुफ्फुसांनी. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. चाचणी चालू आहे हे गाडीतल्या सॉफ्टवेअरला कळायचं आणि तेवढ्यापुरती गाडी सभ्य वागायची. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या होत्या. विद्यार्थी फक्त परीक्षेत प्रामाणिक निघाला, आणि परीक्षाच इतकी सोपी की तो तसा निघू शकला.

डिझेलवर अन्याय नको. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ आलं. डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, कणांची २५ वरून साडेचारवर. कागदावर आजची डिझेल कार आणि अण्णांची काळी-पिवळी यांचं नातंच उरलेलं नाही. हे ज्यामुळे शक्य झालं त्यात एक फिल्टर असतो. तो काजळी अडवतो आणि भरला की आतल्या आत जाळून टाकतो. जाळायला मात्र गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. वारजे ते खराडी, सकाळी नऊ वाजता? फिल्टर भरतो, दिवा लागतो, मालक वैतागतो. मी एका गॅरेजवाल्याला विचारलं की मग लोक काय करतात. तो म्हणाला, “काही जण संध्याकाळी हायवेला फिरवून आणतात. काही जण काढूनच टाकायला सांगतात.” पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा बघतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. म्हणजे माझ्या रस्त्यावर डिझेल घेतली तर तिला स्वच्छ ठेवणं हे माझ्या रोजच्या चिकाटीवर अवलंबून. माझी चिकाटी मला माहीत आहे. जिमची फी भरून झालेली आहे.

इथे माझा मित्र म्हणतो, “अरे, पुण्यात लाखो गाड्या. तुझ्या एकीने कुणाचा दमा वाढणारे?” हा प्रश्न दिसतो तितका आळशी नाही. वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग या अमेरिकन तत्त्वज्ञाने २००५ मध्ये असाच युक्तिवाद केला. रविवारी मजा म्हणून पेट्रोल पिणारी मोठी गाडी फिरवली, तर त्या एका फेरीने कुणाचं ठोस नुकसान झालं हे दाखवता येत नाही. काम सरकारचं आहे, तिथे जोर लावा. याच्या आधी, १९८४ मध्ये, डेरेक पार्फिटने एक भयंकर उदाहरण रचलं होतं. हजार छळ करणारे, हजार बळी. प्रत्येकजण एक बटण दाबतो आणि त्याने प्रत्येक बळीच्या वेदनेत इतकी बारीक भर पडते की ती जाणवतही नाही. सगळ्यांची बटणं दाबून झाली की बळी तडफडत असतात. ‘मी कुणालाही जाणवेल असं काही केलं नाही’ हे त्या प्रत्येकाचं म्हणणं खरं आहे. आणि तरीही.

मला पार्फिटचं पटतं, पण पूर्ण खरं सांगायचं तर तर्काने नाही. मी सिग्नलला हात धरतो तेव्हा समोरच्या एका टेम्पोवर चिडतो. लाखो गाड्यांवर कुणी चिडू शकत नाही. ज्या हिशोबाने मी त्या टेम्पोवाल्याला दोषी धरतो, तो हिशोब काच वर गेल्यावर बदलता येणार नाही.

मग हायब्रिड घेतली की हात झटकून मोकळं? अण्णांना मी हे सगळं एकदा सविस्तर सांगितलं. वर्षाला जवळपास एक टन कार्बन डायऑक्साइड कमी, हेही ऐटीत सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “तुझ्या पेट्रोलात ऊस असतो ना?” असतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. ते मका आणि तांदळापासूनही होतं, पण उसापासूनही होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं होतं. अण्णा तेव्हा टँकरपाशी रांगेत असायचे. बाहेर पाणी नव्हतं, पण जिल्ह्याच्या शिवारात ऊस होता. “तुझ्या पोरीच्या नाकाचं बघतोस ते बरोबरच आहे,” ते म्हणाले, “आमच्या हंड्याचं पण बघ.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. डिझेल घेतल्याने मांजरा धरणात पाणी वाढणार नाही, हे खरं. पण निष्पाप गाडी नावाची वस्तू शोरूममध्ये नसते, हेही त्यांनी एका वाक्यात दाखवून दिलं. (इलेक्ट्रिक का नाही? सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवण्यावरून गेल्या तीन सर्वसाधारण सभा भांडणात गेल्या. आणि महाराष्ट्रातली बरीच वीज कोळशावरच होते.)

एक गोष्ट मात्र या सगळ्या घोळात स्पष्ट झाली. डिझेलकडे माझा ओढा होता तो लातूरच्या रस्त्यामुळे. डोळ्यांसमोर चित्र यायचं ते इंदापूरच्या पुढचा मोकळा हायवे, पहाट, मागे सामान, दिवाळी. वर्षातले बारा दिवस. उरलेले अडीचशे दिवस मी कर्वे रस्त्याला पहिल्या गिअरमध्ये असणार, ते चित्र डोळ्यांसमोर कधी येतच नव्हतं. आपण गाडी घेतो ती स्वतःच्या आवडत्या दिवसासाठी, आणि धूर सोडतो रोजच्या दिवसांत.

आणि रोजचा दिवस नीट बघायला बसलो तर त्यात वनाझ स्टेशनही दिसायला लागलं. माझ्या घरापासून स्कूटरने पंधरा मिनिटं. तिथून मेट्रो रामवाडीपर्यंत जाते, पुढे खराडीला शेअर रिक्षा. दीड महिना मी हायब्रिड की डिझेल यावर जागत होतो आणि हा पर्याय माझ्या कागदावर नव्हता, कारण ‘रनिंग किती’ या प्रश्नाचं उत्तर चाळीस हे मी आधीच देऊन टाकलं होतं. ते चाळीस कुणी ठरवलं, हे शोरूमवाला कशाला विचारेल?

हायब्रिड बुक केली आहे. आठवड्यातून तीन दिवस मेट्रो असं ठरवलंय. पावसाळ्यात त्याचं काय होईल ते बघू. रनिंग निम्म्यावर आलं तर दीड लाख फिटायला पंधरा वर्षं लागतील, म्हणजे फिटणारच नाहीत. तो आकडा मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, मग गाडी घेतोयस कशाला? आईचे गुडघे, लेकीचा पाऊस आणि लातूर, एवढी कारणं मी सांगितली. तीनही खरी आहेत.

गाडी यायला दोन महिने आहेत. अण्णांना फोन केला तर थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “बरं. ॲव्हरेज किती देते म्हणालास?”