उष्णता टाकायची कुठे?

ढाक्याच्या एका वयस्क वकिलाची गोष्ट शास्त्रज्ञ मेघनाद साहांनी लिहून ठेवली आहे. तरुण साहा त्यांना सूर्य आणि ताऱ्यांवरचे आपले संशोधन समजावून सांगत होते. वकीलसाहेबांचे म्हणणे एकच, की यात नवे काय, हे सारे वेदात आहे. वेदाच्या कोणत्या भागात, असे साहांनी विचारले तेव्हा कळले, की त्यांनी वेद कधी वाचलेलेच नव्हते. १९३८ मध्ये साहांनी शांतिनिकेतनात भाषण केले आणि त्यावरून ‘भारतवर्ष’ या बंगाली मासिकात वाद पेटला. त्या वादात हा प्रसंग पुढे आला.

उष्णतेचे नियम आणि धर्मविचार एका ओळीत बसवताना ही गोष्ट आठवणीत ठेवलेली बरी. तो मोह पडतोच. ‘सगळी ऊर्जा अखेर विखरून जाते’ हे वाक्य ऐकले, की कुणाला त्यात अनित्यता दिसते, कुणाला कर्मसिद्धान्त. साहांनी स्वतः बी. एन. श्रीवास्तव यांच्यासह उष्णताशास्त्रावर पाठ्यपुस्तक लिहिले, पण त्या शास्त्राला त्यांनी कुठल्याही ग्रंथाचे साक्षीदार केले नाही. तरीही एक खरा तात्त्विक प्रश्न या शास्त्रातून उभा राहतो. तो सर्वांत स्पष्ट दिसतो अंतराळयानात.

यानाभोवती हवा नाही, पाणी नाही. उपकरणांत तयार होणारी उष्णता वाऱ्यावर सोडता येत नाही. रेडिएटरच्या पत्र्यावरून ती किरणांच्या रूपाने आकाशात फेकणे, हाच मुख्य मार्ग. या किरणांचा नियम मॅक्स प्लांक यांचा. कोलकात्यात जन्मलेल्या आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात साहांबरोबर शिकलेल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये, ढाक्यात शिकवत असताना, तो नव्या पायावर सिद्ध केला आणि आपला निबंध आइन्स्टाइनकडे पाठवला.

आदर्श काळा पत्रा २७ अंश सेल्सिअसला दर चौरस मीटर सुमारे ४६० वॅट बाहेर टाकतो. तोच ८७ अंशांवर नेला, तर सुमारे ९५० वॅट, म्हणजे दुपटीहून जास्त. इथे उष्णता पंपाचा उपयोग होतो. तो थंड बाजूची उष्णता उपसून गरम बाजूला चढवतो. रेडिएटर तापला, की तो लहान चालतो आणि यानाचे वजन वाचते. मात्र ही चढण फुकट मिळत नाही. २७ अंशांवरचे १,००० वॅट ८७ अंशांवर चढवायला निर्दोष यंत्रालाही २०० वॅटचे काम लागते. तेही शेवटी उष्णताच होते, म्हणून बाहेर टाकायचे १,२०० वॅट. खऱ्या यंत्राला याहून जास्त काम लागते.

असे पंप आज अवकाशात आहेत. २०१५ मध्ये गेलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली क्ष-किरण दुर्बीण आहे. तिचा कॅमेरा उणे ८० अंशांच्या आसपास ठेवायला विजेवर चालणारा, एकही भाग न हलणारा छोटा पंप वापरला आहे. त्याने उपसलेली उष्णता हीट पाइपमधून रेडिएटरकडे जाते. २००९ मध्ये सुटलेल्या युरोपीय ‘प्लांक’ यानात तर शीतकांची साखळीच होती. विश्वाच्या २.७ केल्विनच्या आदिम किरणांचा माग काढण्यासाठी त्यातले संवेदक ०.१ केल्विनपर्यंत, म्हणजे रित्या आकाशापेक्षाही थंड केले होते.

ताप निवावा, ही धर्माची जुनी आस आहे. आपल्याकडे आध्यात्मिक, आधिदैविक, आधिभौतिक असे तीन ताप मानतात. शीतलामातेसाठी एक दिवस चूल बंद ठेवून शिळे अन्न खाण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, आणि महाराष्ट्रातही शीतला सप्तमी पाळली जाते. पंपाचे गणित या आशेला एक अवघड प्रश्न विचारते. ज्याची किंमत दुसऱ्या कुणालाच मोजावी लागत नाही, असा गारवा असतो का?

यानाला तूर्त तरी ‘हो’ म्हणता येते. त्याच्या बाहेर कुणी राहत नाही.

कोलकात्यात तसे म्हणता येत नाही. खोलीतला एसी हाही उष्णता पंपच. उत्तर कोलकात्याच्या चिंचोळ्या गल्लीत त्याच्या मागचा पंखा गरम झोत सोडतो, तो समोरच्या खिडकीवर, ठेलेवाल्यावर, हातरिक्षा ओढणाऱ्यावर. आणि त्या एसीचे काम करणारी वीज? शहराला वीज देणारे बजबजचे केंद्र कोळशावर चालते. गारवा खोलीत उमटतो, त्याहून मोठा ताप बाहेर साचतो.

म्हणून यान बांधणाऱ्यांचा क्रम विचार करण्याजोगा आहे. ते पंपापासून सुरुवात करत नाहीत. आधी अनेक पदरी चकचकीत आवरणाने ऊन आत येऊच देत नाहीत, मग उपकरणांचा वीजखर्च आवळतात, मग साध्या रेडिएटरवर भागते का पाहतात. पंप शेवटी. गरज आधी कमी करा, हे सांगणाऱ्या संयमाच्या शिकवणीशी हा क्रम जुळतो. ऋषींना अंतराळयान ठाऊक होते, असे यातून निघत नाही. दोन वेगळ्या वाटांनी माणसे एकाच शहाणपणाशी पोहोचली, एवढेच निघते, आणि तेवढेही मोलाचे आहे.

पुढची कसोटी चंद्रावर आहे. तिथे विषुववृत्ताजवळ दुपारी जमीन १२० अंशांपर्यंत तापते. रेडिएटर या जमिनीहून गरम ठेवायचा, तर पंप हवाच, म्हणून चांद्रतळासाठी त्याचा गंभीर विचार होतो. ध्रुवाजवळच्या कायम अंधाऱ्या विवरांत मात्र काही ठिकाणी तापमान उणे २३० अंशांच्याही खाली आहे. उष्णता टाकायला याहून सोयीची जागा कुठली, असे वाटेल. पण अशाच विवरांत पाण्याचा बर्फ आहे, आणि त्यातला काही अब्जावधी वर्षांचा असू शकतो. तिथे राहणारे कुणी नसले, तरी गमावण्यासारखे बरेच आहे. रेडिएटरची तोंडे कुठे वळवायची हे ठरवताना वजन आणि विजेबरोबर या बर्फाचाही हिशेब आराखड्यात धरायला हवा.