एकाच शिलेवरील नावे

लंडनहून निघालेली आगगाडी तासाभरात ऑक्सफर्डला पोहोचते. महानगराचा कोलाहल मागे पडतो आणि मधाच्या रंगाच्या दगडांत बांधलेली महाविद्यालये, हिरवळीची अंगणे व सायकलींवरून जाणारे विद्यार्थी दृष्टीस पडतात. अशा शांत विद्यानगरीत माणसांना जिवंत जाळले गेले असेल, हे खरे वाटत नाही. परंतु ब्रॉड स्ट्रीटच्या फरसबंदीतील क्रूस त्याचीच साक्ष देतो.

१६ ऑक्टोबर १५५५ रोजी लॅटिमर व रिडली या प्रॉटेस्टंट बिशपांना आणि २१ मार्च १५५६ रोजी आर्चबिशप क्रॅन्मर यांना येथे जाळण्यात आले. राज्य कॅथलिक राणी मेरीचे होते. जवळच त्यांचे उंच स्मारक आहे. रोमच्या ख्रिस्तसभेच्या चुकांविरुद्ध साक्ष देत ते मेले, अशा अर्थाचा लेख त्यावर कोरला आहे. तो वाचताना आम्ही दुखावलो, हे कबूल केले पाहिजे. मनाने तत्काळ प्रत्युत्तर शोधले. राणी एलिझाबेथच्या काळात, ५ जुलै १५८९ रोजी, याच नगरात दोन कॅथलिक धर्मगुरू व त्यांचे दोन प्रापंचिक सोबती यांनाही देहदंड झालाच ना? हिशेब फिटला, असे क्षणभर वाटले. पण रक्ताचा हिशेब असा फिटतो काय?

परस्परविरुद्ध मतांसाठी दोघे प्राण देतात, तेव्हा त्या मरणाने दोन्ही मते खरी ठरत नाहीत. सिद्ध होते ते एवढेच, की सदसद्विवेकबुद्धीला बळाने वळवता येत नाही. मृत्यूच्या भयाने क्रॅन्मर यांनी आपली मते मागे घेतल्याच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. अखेरच्या दिवशी सेंट मेरीज चर्चमध्ये त्यांनी त्या सह्या नाकारल्या आणि ज्या हाताने सह्या केल्या, तोच हात आगीत प्रथम धरला. सत्तेला सही मिळाली. मन मिळाले नाही.

मग सगळीच मते सारखी मानावीत काय? मुळीच नाही. त्याच सेंट मेरीज चर्चचे धर्माधिकारी असलेले जॉन हेन्री न्यूमन १८४५ मध्ये लिटलमोर येथे कॅथलिक झाले, ते सत्य अमोल वाटले म्हणूनच. त्यापायी त्यांनी पद सोडले, जिवलग मित्र गमावले. २०१९ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले. सत्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली, इतरांकडून वसूल केली नाही. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती नको, असे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६५ मध्ये जाहीर केले. सत्याच्या नावाने झालेल्या बळजबरीबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली जाहीर क्षमायाचना केली.

आज सेंट मेरीज चर्चमध्ये दोन्ही पक्षांच्या हुतात्म्यांची नावे एकाच शिलेवर कोरलेली आहेत. त्या शिलेपुढे आम्ही मुकाट उभे राहिलो. आपण आता कोणाला जाळत नाही. परंतु वेगळा विचार करणाऱ्या मुलाशी अबोला धरतो, परधर्मात लग्न केलेल्या मुलीला दार बंद करतो, आणि त्यालाच श्रद्धेचे रक्षण समजतो. तेव्हा सही मिळते, मन गमावते. आपल्या घरातील शिलेवर त्यांचे नाव राहू द्यायचे की नाही, हा प्रश्न घेऊनच आम्ही परतीच्या गाडीत बसलो.