पुडीतले मुरमुरे

सुरतेच्या लिंबायतमधली सकाळ डोळ्यांसमोर आणा. सात वाजलेत. लूमच्या खात्यातली रात्रपाळी सुटली आहे, माणसांच्या केसांत अजून धाग्यांची तूस आहे. कोपऱ्यावर हातगाडी उभी आहे. इथे तिला लारी म्हणतात. झाकण उघडलं की वाफेचा लोट उठतो. लारीवाला उलथण्याने पिवळं, लुसलुशीत काहीतरी खरवडून कागदी डिशमध्ये घालतो. वर तेल, मसाला, बारीक शेव, कच्चा कांदा.

डिश हातात घ्या. लगेच खाऊ नका. तिची ऊब तळहातात उतरू द्या.

आता मनातल्या मनात म्हणा : लोचो.

सांगतात ते असं, की खमणाचं पीठ एकदा सैल झालं, नीट बसलंच नाही. फेकून देण्याऐवजी कुणीतरी ते तसंच गरमागरम वाढलं आणि सुरतेला ते आवडलं. आपल्याकडे लोचा म्हणजे घोळ. गुजरातीतही तीच छटा आहे. बिघडलेल्या घाण्याचं नाव इथे मायेने घेतलं जातं, याचा मला फार आनंद वाटतो. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून इथे आलेल्या कितीतरी घरांचंही गावाकडे काही ना काही बसलं नव्हतं. कुठे पाऊस, कुठे शेत. या शब्दापाशी थोडं थांबा. श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

पहिला घास घ्या. सावकाश चावा.

आता दुसरा शब्द : नाश्ता. हा फारसीतून आला. तिथे नाश्ता म्हणजे उपाशी, अजून काही न खाल्लेला. ज्या रिकाम्या पोटी माणूस बसतो, त्या रिकामेपणाचंच नाव पुढे खाण्याला मिळालं. रात्रभर मागाशी उभ्या राहिलेल्या पोटाला हा अर्थ सांगावा लागत नाही. दुपारच्या अशाच खाण्याला स्पेनमध्ये मेरिएंदा म्हणतात. त्याचं मूळ लॅटिन आहे आणि त्याचा धागा कमावणे, पात्र ठरणे या अर्थाशी जातो. कष्ट करून मिळवलेला घास. तिथल्या सँडविचचं नाव, बोकादियो, तर सरळ ‘छोटा घास’च. एवढ्या दूरच्या माणसांनीही खाण्याला नाव देताना हात आणि तोंड यांच्याकडेच पाहिलं.

डिश संपली असेल तर हात पुसा, पण घाईने निघू नका. बाजूच्या दुकानात एक मुलगा उभा आहे. तो म्हणतो, ‘सेव-ममरा आपो.’ दुकानदार कागदाचा कोन वळतो, भरतो, वरचं टोक दुमडतो. मुलगा चाळीतला अंधारा जिना चढून वर जातो. घरात खानदेशातून आलेली आजी अहिराणीत बोलते, पुडी उघडते आणि म्हणते : मुरमुरे. पुण्यात असती तर चुरमुरे म्हणाली असती, मुंबईत कुरमुरे. एक जिना चढताना त्या पुडीचं नाव बदललं, आणि मुलाला त्याचं काहीच वाटलं नाही. दोन्ही शब्द त्याचेच आहेत.

तो जिना तुम्हीही मनाने चढा. खाली ममरा, वर मुरमुरे. एकेका पायरीवर एकेक श्वास. वर पोचलात की क्षणभर तापी आठवा. ती मुलताईहून निघते, खानदेश ओलांडते आणि मग सुरतेत येते. आजीच्या गावाकडचं पाणी खाली याच शहरातून वाहतं.

वाटीत मुरमुरे ओता. तेल, तिखट, मीठ, कांदा. हाताने कालवा. त्यांचा बारीक चुरचुर आवाज ऐका. मऊ पडण्याआधीच तो ऐकू येतो.

मुलाने दुकानात ममरा म्हणावं, अवश्य म्हणावं. पण आज संध्याकाळी वाटी त्याच्यापुढे ठेवताना तुम्ही एकदा मोठ्याने ‘मुरमुरे’ म्हणा.