चोवीस गुरू आणि कॉलेजचे दिवस

"हे दिवस पुन्हा यायचे नाहीत." कॉलेजातल्या मुलांना हे वाक्य दोन्हीकडून ऐकावं लागतं. मित्र म्हणतात, पुन्हा यायचे नाहीत, मजा करून घे. घरचे म्हणतात, पुन्हा यायचे नाहीत, अभ्यास करून घे. गेल्या वर्षी नरसोबाच्या वाडीला पालखीच्या गर्दीत आमच्याच कॉलेजचा एक मुलगा भेटला. त्यानं सरळच विचारलं, "सर, यातलं खरं कुणाचं?" सत्तावीस वर्षं शिकवतोय, पण चटकन उत्तर सुचेना.

आपण दत्तभक्त. आपल्याला उत्तरासाठी फार लांब जायला नको. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. संप्रदायात आपण त्यांना श्रीदत्तप्रभूच मानतो. हा अवधूत तिथे तरुण आहे, हे आपण विसरतो. जटा-दाढीवाला म्हाताराच डोळ्यांपुढे येतो. राजा विचारतो, तुम्ही जाणते, कुशल, सगळं करायला समर्थ. मग काही मिळवायची धडपड न करता इतके आनंदात कसे? त्यावर अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. पृथ्वी, वारा, कबुतर, अजगर, पिंगला. यातल्या एकानंही 'चल, तुला शिकवतो' म्हटलेलं नाही. निवड शिष्यानं केली, स्वतःच्या बुद्धीनं.

पदवीच्या तीन वर्षांचा हिशेब मांडून पाहावा. वर्षाला १८० शिकवण्याचे दिवस धरले तर होतात ५४०. जवळजवळ तेवढेच दिवस वर्गाबाहेरचे. दोन्ही सल्ले या दिवसांकडे पैशासारखे पाहतात. एक म्हणतो उडव, दुसरा म्हणतो साठव. अवधूतांची मधमाशी इथे आठवते. लहानमोठ्या सगळ्या फुलांतलं सार घ्यावं, हे तिच्याकडून शिकायचं. आणि साठवत बसलं की साठ्यापायी जीव जातो, हेही तिच्याचकडून. आता सर्टिफिकेटांच्या जाड फायली घेऊन येणारी मुलं पाहतो तेव्हा मला तो दुसरा धडा आठवतो. कोर्स कशाचा केला विचारलं तर फाईल उघडून बघतात!

पण माझं मन अडकतं ते कुमारीच्या गोष्टीपाशी. घरात एकटी मुलगी, तिला मागणी घालायला पाहुणे आलेले. ती आत भात कांडायला बसते, बांगड्या वाजतात. घरची गरिबी बाहेर कळेल म्हणून ती एकेक बांगडी उतरवते आणि हातात एकेकच ठेवते. कीर्तनकार यातून एकांताचं महत्त्व सांगतात, ते बरोबरच आहे. मला मात्र त्या मुसळाचा आवाजही ऐकू येतो. पहाटे उठून धारा काढून, भाकऱ्या थापून, सातची एसटी पकडून येणाऱ्या मुली माझ्या वर्गात आहेत. त्यांना 'मजा कर' काय नि 'नुसता अभ्यास कर' काय, दोन्ही चैनच. आणि ज्यांना घरून फी नि मेसचे पैसे येतात, त्यांचे दिवस कुणीतरी कांडून दिलेले असतात. कधी धाकट्या बहिणीचं शिक्षण थांबलेलं असतं. उपकारांची जपमाळ त्या मुलानं ओढावी असं मी म्हणणार नाही. त्यानं मुलं मोडतात. पण तो आवाज त्याला ऐकू यावा. मग मजा कुठली आणि उधळपट्टी कुठली, हे त्याचं त्याला कळतं, बहुतेक वेळा.

एक प्रश्न दरवर्षी येतो. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपासच सेमिस्टरची परीक्षा असते. मग सप्ताहाला बसावं का? पेपर सोपा जावा म्हणून गुरुचरित्र वाचणार असाल तर नको, असं मी स्पष्ट सांगतो. तो सौदा झाला. त्यापेक्षा बाण करणाऱ्या कारागिराला गुरू करा. शेजारून राजाची मिरवणूक गेली तरी त्याला पत्ता नव्हता. आपल्या हातात तर मोबाईल आहे, म्हणजे मिरवणूक दिवसभर चालूच.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, "दोघांचंही ऐक, पण तुझे गुरू तू मोज." आमच्या एका विद्यार्थिनीनं हे आधीच केलं होतं. प्रॅक्टिकलच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिनं यादी केली होती. त्यात ग्रंथालयातले शिपाईकाका होते, एक चिडका प्राध्यापक होता (नाव नव्हतं, मी विचारलंही नाही), आणि सातव्या क्रमांकावर मेसच्या मावशी. "सातच?" मी म्हटलं. ती म्हणाली, "सर, अजून दोन सेमिस्टर आहेत की!"