रोगीच नाही, तर पुरावा कुठला?

औषध गुणकारी आहे हे दाखवायला रोगी लागतो, आणि देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७७ साली सोमालियात आढळला. रोग गेला, विषाणू मात्र अटलांटा आणि सायबेरियातील कोल्त्सोवो इथल्या प्रयोगशाळांत जपून ठेवलेला आहे. कुणी मुद्दाम साथ पसरवली तर ती दंडावर देवीच्या लसीचा वण नसलेल्या पिढीत पसरेल. हजारो माणसांना सलाइन लावायला खाटा कुठून आणायच्या? मूत्रपिंडाला घातक असलेले सिडोफोविर हे औषध तर शिरेतूनच द्यावे लागते. म्हणून कॅप्सूल हवी.

रोगी होते तेव्हा पुरावा मिळत असे. १९६३ साली मद्रासमध्ये देवीच्या रुग्णांच्या संपर्कातल्या ११०१ जणांना मेथिसाझोन हे औषध तोंडाने दिले. त्यांपैकी ३ जणांनाच देवी आल्या. न दिलेल्या ११२६ पैकी ७८ जणांना. पुढच्या चाचण्यांत मात्र हे यश तसे टिकले नाही.

आता माणसाला मुद्दाम देवी लावणे शक्य नाही. म्हणून अमेरिकेने प्राण्यांवरच्या पुराव्यावर परवानगी देण्याचा नियम केला. या नियमाखाली आलेले टेकोविरिमॅट हे कॅप्सूलमधले औषध देवीच्या विषाणूच्या एका प्रथिनाला अडवते. मग विषाणूला बाहेरचे आवरण मिळत नाही आणि तो एका पेशीतून दुसरीत नीट पसरू शकत नाही. देवीच्याच कुळातल्या मंकीपॉक्सची लागण केलेल्या माकडांत आणि रॅबिटपॉक्स झालेल्या सशांत ते जीव वाचवते असे दिसले. ३५९ निरोगी माणसांना देऊन ते सोसते का, एवढेच पाहिले. माकडांना वाचवणाऱ्या मात्रेने रक्तात औषधाची जी पातळी येते, तिच्यावरून माणसाचा डोस ठरला: दिवसातून दोनदा ६०० मिलिग्रॅम, १४ दिवस, तेही स्निग्ध जेवणानंतर, कारण उपाशीपोटी ते नीट शोषले जात नाही. (साथीच्या धांदलीत तूप-लोणी कोण पाहणार, हा प्रश्न उरतोच.) २०१८ मध्ये परवानगी मिळाली.

पुढे एमपॉक्सच्या (मंकीपॉक्सचेच नवे नाव) रूपाने खरे रोगी भेटले. काँगोतल्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला: टेकोविरिमॅट घेणाऱ्यांचे फोड नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले नाहीत. दोन्ही गटांत मृत्यू मात्र अपेक्षेपेक्षा कमी झाले, बहुधा इस्पितळातल्या देखभालीमुळे. यावरून औषध फुकट गेले असे म्हणता येत नाही. देवी हा कितीतरी अधिक मारक रोग, आणि प्रयोगातल्या माकडाला लागण कोणत्या दिवशी झाली हे ठाऊक असते. माणूस दवाखान्यात येतो तो फोड उठल्यावर. माझ्या मते साठा ठेवावा, पण लसीच्या साठ्याला पर्याय म्हणून नव्हे. संपर्कानंतर चार दिवसांत टोचलेली लस देवी रोखू शकते, हे माणसांवरच दिसलेले आहे.