जामीन कोण राहिला?

‘समोरचे कुलकर्णी पुण्याला चालले’ आणि ‘समोरचे कुलकर्णी पुण्याला चालले म्हणे’. बातमी एकच. पण पहिल्या वाक्यात बोलणारा बातमीला जामीन राहिला आहे, दुसऱ्यात त्याने अंग काढून घेतले आहे. कुलकर्णी गेलेच नाहीत तर पहिला तोंडघशी पडेल. दुसरा हात झटकून म्हणेल, ‘मी कुठे म्हटलं? चाळीत बोलत होते.’ दोन अक्षरांच्या ‘म्हणे’त एवढा आडोसा आहे.

इंग्रजी संशोधनपर लेखनात हा जामिनकीचा व्यवहार मुख्यतः क्रियापदावर चालतो. कॉफीमुळे झोप कमी होते, असे कुणा संशोधकाचे म्हणणे आहे असे समजू. ते सांगताना लेखकाने ‘शोज’ लिहिले, तर त्या संशोधकाच्या सहीखाली त्याने आपलीही सही केली. ‘क्लेम्स’ लिहिले की तो दोन पावले मागे सरकला; मुरलेला वाचक पुढच्या ओळीत ‘पण’ शोधू लागतो. ‘आर्ग्यूज’ म्हणजे त्या माणसाकडे कारणे आहेत, ती पटतात का ते आपण बघू. आणि ‘सजेस्ट्स’ म्हणजे पुरावा त्या बाजूला कलतो आहे, मीही कललो आहे, पण घर गहाण टाकण्याइतका नाही.

आपल्याकडे ही क्रियापदे बहुधा ‘से’चे समानार्थी शब्द म्हणून पाठ करून घेतली जातात. तोच शब्द पुन्हा पुन्हा नको, म्हणून एकदा ‘स्टेट’, एकदा ‘क्लेम’, एकदा ‘प्रूव्ह’. कपाटातले सदरे बदलावेत तसे. विद्यार्थ्याला कळतच नाही की ‘क्लेम’ लिहून त्याने आपल्याच आधाराला नख लावले आणि ‘प्रूव्ह’ लिहून नको त्या कर्जाला तो जामीन राहिला. जेफ थॉम्पसन आणि यियुन ये यांनी १९९१ साली या क्रियापदांवर एक निबंध लिहिला. त्यांनी दाखवून दिलेली गोष्ट एरवी साधी आहे, पण सहज निसटते: अशा एका क्रियापदात दोन माणसे उभी असतात. एक ज्याचे म्हणणे सांगितले जाते तो, दुसरा सांगणारा. मूळ संशोधक छातीठोकपणे बोलला असेल आणि तरी सांगणारा त्याला ‘क्लेम्स’मध्ये बसवू शकतो. वाचकाने दोघांचे सूर वेगवेगळे ऐकायचे असतात.

मी आत्ता ‘दाखवून दिलेली’ असे लिहिले. म्हणजे त्या दोघांना मीही जामीन राहिलो.

मराठीत जामिनकीची आणखी एक खूण आहे आणि ती आपण रोज नकळत वापरतो. ‘औषध लागू पडत नाही असे त्यांनी म्हटले’ आणि ‘औषध लागू पडत नाही हे त्यांनी दाखवून दिले’. ‘असे’ आणि ‘हे’. दावा, आरोप, अंदाज, समजूत यांच्याआधी ‘असा’, ‘अशी’ येते. उमगणे, विसरणे, लक्षात येणे यांच्याआधी ‘हे’ सहज बसते. ‘पाऊस पडतोय हे त्याच्या लक्षात आलं नाही’ म्हटले, तरी बाहेर पाऊस पडतोच आहे. ‘पाऊस पडतोय असं त्याला वाटलं नाही’ म्हटले, तर बाहेर काय चालले आहे ते कळायला खिडकी उघडावी लागेल. पॉल आणि कॅरल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञ दांपत्याने १९७० साली इंग्रजी क्रियापदांचे असेच दोन गट केले, तेव्हा ही नकाराची कसोटीही वापरली: वाक्य नकारार्थी केल्यावरही आतली गोष्ट खरी राहते का? मराठीत ही कसोटी लावायच्या आधीच ‘हे’ चुगली करून टाकते.

अडचण होते ती ‘सजेस्ट’ची. शब्दकोश उघडला की ‘सुचवणे’ मिळते, आणि मग वर्तमानपत्रात छापून येते, ‘नव्या अभ्यासाने असे सुचवले आहे’. मराठीत सुचवतो तो माणूस: स्थळ सुचवतो, नाव सुचवतो, दुरुस्ती सुचवतो. अभ्यास कशाला काही सुचवेल? इंग्रजीत आकडे, तक्ते, निष्कर्ष सगळे बोलतात; मराठीत आपण आकड्यांवरून बोलतो. ‘आकड्यांवरून असे दिसते’ हे आपले वाक्य. त्यातले ‘दिसते’ही मोठे चतुर आहे, डोळ्यांना दिसते तेही तेच आणि नुसते भासते तेही तेच. दुसऱ्या टोकाला आपला आवडता मथळा आहे: ‘संशोधनातून सिद्ध’. मूळ लेखात ‘मे’, ‘सजेस्ट’, ‘कन्सिस्टंट विथ’ असे जपून टाकलेले शब्द असतात आणि मथळ्यापर्यंत येईतो सगळे सिद्ध होऊन बसलेले असते.

मग काय, सगळीकडे ‘कदाचित’ पेरत जायचे? रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६१ साली ‘सर्टन फिजिऑलॉजिकल एसेज’ प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने आधीच खुलासा केला होता की आपल्या लिखाणात ‘कदाचित’, ‘वाटते’, ‘असंभाव्य नाही’ असे शब्द इतके का येतात. कारणांविषयी तो बिचकत बोलतो. प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींविषयी मात्र ठाम. सावधपणाला त्याने जागा नेमून दिली. प्रयोगातल्या हवेच्या पंपात काय झाले ते ठणकावून सांगायचे, का झाले ते दबकत.

या शिस्तीचा माझ्या मते सर्वांत देखणा नमुना ३० सप्टेंबर १९५०च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आहे. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि तुलनेला तितकेच इतर रुग्ण घेतले. कर्करोगाच्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे दोन; तुलनेच्या गटात सत्तावीस. एवढा आकडा हाती आल्यावर एखादा थेट मथळ्यावरच गेला असता. हे दोघे आधी स्वतःवरच संशय घेतात. विचारणाऱ्यांना आजार ठाऊक असल्यामुळे उत्तरे तर वाकली नाहीत? ते तपासायला त्यांच्याकडे नामी साधन होते: मुलाखतीच्या वेळी ज्यांना फुप्फुसाचा कर्करोग आहे असा विचारणाऱ्यांचा समज होता, पण पुढे तो नसल्याचे निघाले, असे रुग्ण. त्यांच्या सवयी तुलनेच्या गटासारख्याच निघाल्या. एवढे झाल्यावर ते म्हणतात, संबंध खरा आहे, हा निष्कर्ष काढणे भाग आहे. इथे शब्द कडक आहेत. पण लगेच पुढे: म्हणून धूम्रपानाने कर्करोग होतो असे म्हटलेच पाहिजे असे नाही. उलटा संबंध असेल, किंवा दोहोंचे मूळ तिसरेच असेल. मग त्या शक्यताही तपासून बाजूला सारतात आणि तेव्हा कुठे धूम्रपान हा कर्करोग होण्यातला एक घटक आहे, महत्त्वाचा घटक आहे, असा निष्कर्ष काढतात. ‘एकमेव’ नाही, ‘सिद्ध’ही नाही. लेखात इतके मोजूनमापून बोलणाऱ्या डॉल यांनी स्वतःची सिगारेट मात्र या अभ्यासाच्या काळातच सोडली.

तीन वर्षांनी अर्न्स्ट विंडर आणि सहकाऱ्यांनी सिगारेटच्या धुरातला डांबरासारखा अर्क उंदरांच्या पाठीला फासला आणि तिथे कर्करोग झाला. त्यावर अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत पानभर निवेदन छापले. ते निवेदन या क्रियापदांच्या वर्गात शिकवण्याजोगे आहे. भाषा मृदू, आवाज समंजस. उंदरांच्या प्रयोगांविषयी लिहिताना त्यांच्या महत्त्वाला ‘क्लेम्ड’ हे विशेषण: कुणीतरी म्हणते म्हणून महत्त्वाचे. आणि सिगारेट हे कर्करोगाचे एक कारण असल्याचा पुरावाच नाही, हे मात्र नामवंत तज्ज्ञ ‘पॉइंट आउट’ करतात. ‘क्लेम’ नाही, ‘आर्ग्यू’ नाही, ‘सजेस्ट’ तर नाहीच. ‘पॉइंट आउट’ म्हणजे आधीपासून तिथे असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवणे. वरवर खोटे असे एकही वाक्य न लिहिता, दोन क्रियापदांची अदलाबदल करून, प्रयोगाची झाली अफवा आणि शंकेची झाली वस्तुस्थिती.

निवेदनातले हे ‘पॉइंट आउट’चे वाक्य मराठीत आणून पाहावे म्हणून मी बसलो. ‘पुरावा नाही असे तज्ज्ञ म्हणतात’ लिहिले तर कंपन्यांची लबाडी मीच धुऊन काढली. त्यांनी इतके मोकळे शब्द वापरलेच नव्हते. इमानदारीने करायचे तर ‘पुरावा नाही हे नामवंत तज्ज्ञ निदर्शनास आणून देतात’ असेच करावे लागते. ‘हे’ लिहिताना हात अडला. वाक्याच्या शेवटी एक ‘म्हणे’ टाकावासा फार वाटत होता, पण अनुवादकाला ती मुभा नसते.